मारबतीच्या हवाली

माझा मित्र यंदाच्या उन्हाळ्यात वारला आणि आठवडाभरात देवमाणूस झाला. जिवंतपणी कोणी त्याला देवमाणूस म्हटलं असतं, तर त्याने म्हणणाऱ्याला खालीवर न्याहाळून विचारलं असतं, "काहून बे, काय काम काढलं?" पण मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. आमच्या कॉलनीने या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला.

शोकसभेत कॉलनीच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण ठोकलं. गणपतीतल्या स्पीकरवरून भांडण झाल्यापासून या गृहस्थांनी माझ्या मित्राला रस्त्यात ओळख दिली नव्हती. आता माईक हातात आल्यावर मात्र तो 'दिलखुलास' आणि 'मनमिळाऊ' झाला. मनमिळाऊ! मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल दाबला, तर शेजारच्याला वाटलं मी हुंदके देतोय, आणि त्याने माझी पाठ थोपटली. अशा लोकांत मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

तो मनमिळाऊ बिलकूल नव्हता. खवचट होता, तिरसट होता, आणि म्हणूनच आमचं जमलं. सणावाराला तर त्याच्या जिभेला धार चढायची. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून म्हणायचा, "आजच्या दिवस गोड बोलून दाखव, उद्यापासून तुले सुट्टी." दसऱ्याला सगळे गळ्यात पडत असताना हा आपट्याचं पान माझ्या खिशात कोंबायचा आणि म्हणायचा, "घे सोनं. तुह्याजवळ आलं का त्याचा पाला होते." दिवाळीत आमच्याकडे फराळाला बसला की चिवडा चमच्याने उकरून आधी शेंगदाणे वेचून खायचा, मग माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, यंदा खाण्यासारखा झाला." एवढं कौतुक त्याच्या तोंडून निघालं की आमच्या घरात खरी दिवाळी व्हायची. आता फराळाचं नाव निघालं की मला नुसता राग येतो. फराळाने काही केलेलं नसतं, तरी येतो.

पण त्याचा खरा सण मारबत. पोळ्याला दाराशी पळसाची डहाळी खोचायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर नेऊन टाकताना ओरडायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" घरातली पीडा त्या डहाळीबरोबर जाते म्हणतात. शहरात मारबतींचे मोठमोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, रस्ते तुंबतात, आणि हल्ली लोक तिथे जाऊन आपलाच चेहरा फोनमध्ये बघत उभे राहतात. आम्ही ते केव्हाच सोडलं. आमची दोघांची मारबत त्याच्या फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत. तो डहाळी घेऊन पुढे, मी मागे. तो वर्षभराच्या पीडा एकेक करून पुकारायचा, मी साथ द्यायचो.

"सकाळी सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवणारे!"

"घेऊन जा गे मारबत!"

"मुलगा मिहानमधल्या कंपनीत लागला म्हणून भाजीवालीलेही सांगणारे!"

"घेऊन जा गे मारबत!"

हे दुसरं थेट अध्यक्षांच्या खिडकीखाली. खिडकी धाडकन लागायची आणि आमची सकाळ सार्थकी लागायची. परतलो की त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फाटकातूनच म्हणायच्या, "झालं का दोघा शहाण्यांचं? चहा थंडा होऊन राहिला."

यंदा पोळ्याच्या दुपारी त्यांचाच फोन आला. "भाऊजी, भासरे डहाळी लावू नाही देऊन राहिले. यंदा सण नाही म्हणतात. मले उद्या ओरडायचं आहे. तुम्ही या."

भासरे म्हणजे मित्राचे थोरले भाऊ. काटोलला त्यांची संत्र्याची बाग. बागेत मजुरांना हुकूम सोडायची सवय, ती कोणाच्याही घरात चालवतात. मी पोचलो तेव्हा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते सोफ्याच्या मधोमध बसले होते. टेबलावर पुरणपोळ्यांचे डबे रचलेले. दुःखाच्या घरी सणाचं रांधत नाहीत, म्हणून शेजारपाजारच्या बाया डबा घेऊन येत होत्या. डबा ठेवायचा, वहिनींचा हात धरायचा, मान वाकडी करायची, "देवमाणूस होते हो" म्हणायचं, आणि निघताना मागच्या वेळचा रिकामा डबा आठवणीने मागायचा.

"वर्षभर सण नाही," भासरे मला म्हणाले. "आपल्यात पद्धत आहे."

"मारबत सण कधीपासून झाला?" मी म्हटलं. "घरातली पीडा बाहेर काढायचा दिवस आहे तो. दुःखाच्या घरी नाही करायचा, तर काय लग्नघरी करायचा?"

"लोकं काय म्हणतील?"

"लोकं काय म्हणतात ते मी शोकसभेत ऐकून आलोय."

त्यांनी पेपर उघडला. मोठी माणसं हरली की पेपर वाचतात.

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गॅसकडे तोंड करून हळू आवाजात बोलू लागल्या. "छातीत दुखत होतं त्यांच्या, भाऊजी. मले म्हणे ॲसिडिटी आहे, तू झोप. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर मलेच विचारते, इतका उशीर काहून केला? मी काय सांगू? मले माहीतच नव्हतं. इतका राग आला आहे मले त्यांचा. अन् ज्या येतात त्या म्हणून राहिल्या देवमाणूस, देवमाणूस. देवमाणसावर रागावू कशी मी? उद्या नाल्यावर जाऊन हा राग टाकून द्यायचा आहे. नाही तर मी पागल होईन."

त्याने मलाही सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्याने भजी खाल्ली होती.

डहाळी मीच आणली आणि भासऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाराशी खोचली. पेपर जरा हलला, एवढंच.

सकाळी वहिनींनी डहाळी उपसली आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. बाया असं पुढे होऊन मारबत नेत नाहीत, त्यामुळे कॉलनीच्या बाल्कन्या लगेच भरल्या आणि फोन वर झाले. चार पावलं अंतर ठेवून भासरेही निघाले, आपल्या घराण्याची शोभा कुठवर होते ते बघायला.

"रोगराई!" वहिनींचा आवाज आधी बारीक निघाला.

"घेऊन जा गे मारबत!"

"मान वाकडी करणाऱ्या बाया!"

मी साथ दिली. वरून कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"देवमाणूस म्हणणारे!"

हे इतकं मोठ्याने आलं की मी दचकलो. माझा मित्र त्या क्षणी असता तर बायकोच्या पाया पडला असता.

पुलावर पोचलो. आता शेवटचं. वहिनींनी डहाळी कठड्याबाहेर धरली आणि तोंड उघडलं. मी छाती भरून श्वास घेऊन तयार. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"नाही देत," त्या म्हणाल्या. "राग नाही देत, भाऊजी. हा गेला तर माझ्यापाशी त्यांचं काय राहते? फोटो?"

डहाळी नुसतीच सोडली. पाण्यात पडली, दगडाला अडकली, मग सुटून गेली. मागे भासरे खाकरले. पद्धतीवर आता प्रवचन येणार, म्हणून मी दात आवळले.

"लहानपणी झाडावरून पडला होता," ते नाल्याकडे बघत म्हणाले. "हात मोडला. मार बसन म्हणून मायले सांगितलं नाही. मोडका हात घेऊन शाळेत जाऊन राहिला. सुजून भोपळा झाला तवा कळलं. बदमाश होता साला. पहिल्यापासून बदमाश." सदऱ्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. इस्त्री पार बिघडली.

वहिनी जुन्या वळणाच्या. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांशी सरळ बोललेल्या नव्हत्या; काही सांगायचं तर नवऱ्याला मध्ये घालायच्या. आता मध्ये घालायला कोणी नव्हतं. त्या वळल्या, त्यांच्याकडे बघितलं.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.