अवतरणात न ठेवलेली चांदणी

ऑफिसात माझी चेष्टा होते. माझ्या स्क्रिप्टमध्ये कोड कमी आणि अवतरणचिन्हं जास्त, असं म्हणतात. परवा एकाने विचारलं, "ताई, एका शब्दाच्या नावालासुद्धा?" म्हटलं, "एका शब्दाच्यासुद्धा," आणि त्याची स्क्रिप्ट परत पाठवली. मी तापट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण या बाबतीत राग त्याच्यावर नव्हता.

कोल्हापुरात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि मी ऑफिसचं काम घरूनच करते. खाली फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणते. जिल्ह्यातल्या किती लग्नांचे फोटो त्यांनी काढले याची त्यांनाही कल्पना नसेल. पुराचं पाणी दुकानात छातीएवढं चढलं आणि निगेटिव्हची पाकिटं दोन दिवस त्यात राहिली. पाणी उतरल्यावर चाचांनी एकेक पट्टी धुतली, दोरीवर वाळत घातली आणि स्कॅन केली. या कामाला दोन वर्षं लागली. पुढे स्कॅन झालेल्या पट्ट्याही बुरशीने एकमेकींना चिकटल्या आणि शेवटी फेकून द्याव्या लागल्या. म्हणजे जे काही उरलं होतं ते फक्त स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये.

तो कॉम्प्युटर मी लावून दिलेला. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि महिनाभर सगळ्यांना त्याचं कौतुक सांगत फिरले. चाचांना फोल्डरची नावं मनासारखी ठेवता येऊ लागली. पूर्वी पाकिटावर ते गावाचं नाव लिहायचे आणि ज्याला कुणी हात लावायचा नाही त्यावर पेनाने चांदणी काढायचे. तीच सवय त्यांनी फोल्डरला लावली, कीबोर्डवरची * ही खूण वापरून. विंडोजने नावात चांदणी घेतलीच नसती. माझ्या लिनक्सने घेतली.

जुनी डिस्क भरली तेव्हा नवी आणली. सगळं हलवायला मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. एक फोल्डर घ्यायचा, नव्या डिस्कवर कॉपी करायचा, कॉपी झाला की जुना पुसायचा, मग पुढचा. तीन फोल्डरवर करून बघितली, छान चालली. तिन्हींची नावं एकेका शब्दाची होती. कॉपीच्या ओळीत मी नाव अवतरणात ठेवलं होतं. पुसायच्या ओळीत ठेवलं नव्हतं. घाई नव्हती, कुणी बोलावत नव्हतं. मला येतं सगळं, एवढाच गर्व होता.

स्क्रिप्ट वर्णक्रमाने क पासून निघाली. मध्ये मध्ये, दोन शब्दांचं नाव आलं की, "अशी फाइल नाही" असे संदेश येत होते. मी फोनवर बोलत होते, ते वाचले नाहीत. मग आला "चंदगड * घरचं" नावाचा फोल्डर. तो नीट कॉपी झाला. पुसायच्या ओळीत मात्र, अवतरणं नसल्याने, मोकळ्या जागेपाशी तुटून त्या नावाचे तीन तुकडे झाले: चंदगड, चांदणी आणि घरचं. कमांडमध्ये नुसत्या चांदणीचा अर्थ होतो, इथलं सगळं. अवतरणात असती तर ती बिचारी नुसती चांदणी राहिली असती. फोन ठेवून बघते तो जुनी डिस्क रिकामी. कागलपासून गडहिंग्लजपर्यंतची गावं नव्या डिस्कवर पोचली होती आणि एक चंदगड. बाकी जिल्हा गेला. पुसलेलं परत मिळवायचे सगळे उपाय केले. हाती आले ते अर्धे चेहरे आणि करड्या पट्ट्या.

चाचांना मी सांगितलं, "जुनी डिस्क गेली."

ते म्हणाले, "जाऊ दे की पोरी. मशीनच हाय, आज न्हाय तर उद्या जायचंच. तू रडतीस कशाला?" आणि समोरून चहा मागवला. तो चहा मी प्याले. आयुष्यात इतकी लाज कधी गिळली नव्हती.

पुढे दीड-दोन महिने येईल त्याला चाचा डिस्कची गोष्ट सांगत राहिले. मी रचलेली गोष्ट, त्यांच्या तोंडून. मी ऐकायची आणि वर निघून जायची.

एका सकाळी शिरोळकडच्या एक बाई आल्या. पुरात त्यांचा अल्बम गेला होता. लग्नातला एक फोटो हवा होता, माहेरची सगळी माणसं एकत्र असलेला. त्यातलं आता कुणी राहिलं नव्हतं. मी काउंटरपाशीच होते. चाचांनी डिस्कचं सांगितलं तशा बाई कडाडल्या, "कवाबी या, तुमचा फोटो माझ्यापाशी हाय, असं तुमीच म्हणला हुता न्हवं? एवढ्या लांबनं आलोय. सांभाळाय येत न्हवतं तर सांगायचं हुतं, आमी सांभाळलं असतं!"

चाचा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"डिस्क गेली नाही," मी म्हणाले. "मी पुसलं. चूक माझी आहे, चाचांची नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पिशवी उचलून स्टँडकडे निघून गेल्या.

चाचा म्हणाले, "दाव मला, कसं झालं." मी स्क्रिप्ट उघडली. चुकलेली ओळ दाखवली, दोन अवतरणं कुठे हवी होती ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते समजून घेतलं, मग विचारलं, "आणि चंदगड? ते कसं ऱ्हायलं?"

"ते आधी कॉपी झालं होतं. त्याच्या नावातल्या चांदणीने बाकीचं पुसलं."

त्या फोल्डरमध्ये त्यांच्या बायकोचे फोटो आहेत. चंदगड तिचं माहेर. ती गेल्याला बरीच वर्षं झाली.

"म्हंजे माझं ऱ्हायलं," चाचा हळू आवाजात म्हणाले, "आणि त्याच्यापायी लोकांचं गेलं."

मी म्हणाले, नाही, चांदणी तुमची असली तरी चूक माझी. दोनदा म्हणाले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

त्यावरून ते मला कधी एका शब्दानेही रागावले नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा अजून वर येतो, जिन्यात भेटले की "पोरी, बरी हायस न्हवं?" विचारतात. गेल्या महिन्यात त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईना. मी गॅलरीतच उभी होते. चाचांनी वर बघितलं, हसले, आणि मशीन चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून राजारामपुरीला दुरुस्तीला घेऊन गेले.