इटलीला पाठवायचे नमुने

आज इटलीत जेवढे पुरुष बायकांशी गोड बोलतात, त्यांतल्या निम्म्यांना जबलपूरच्या चेरीताल भागातल्या एका निवृत्त माणसाने बोलायला शिकवलं आहे, असं तो माणूस स्वतः मानतो. हे आमच्या समोरच्या घरातले काका. ओळखी जुळवून देणाऱ्या एका परदेशी ॲपसाठी ते इंग्रजी लाडीगोडी आणि रोजची टपोरी भाषा इटालियनमध्ये आणत. ज्याला मनातलं चार शब्दांत सांगता येत नाही, त्याला तयार वाक्य विकायचं, असा हा धंदा. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्याकडे भाजीसुद्धा पत्रकांवर निवडली जाई. सिहोऱ्याच्या बसमध्ये मुलींना जे ऐकावं लागतं, त्याविरुद्ध मी स्टँडवर पत्रकं वाटत होते, आणि समोरच्या घरात हे गृहस्थ बनियनवर बसून तसलीच वाक्यं परदेशी रवाना करत होते. मला त्यांची भयंकर चीड येई. चहा मात्र मी त्यांच्याकडेच प्यायचे, कारण काकू आलं सढळ हाताने घालतात.

इटालियन ते कारखान्यात शिकले. तिथे इटलीहून एक मशीन आलं, ते बसवायला एक इंजिनिअर आला, आणि आठ महिने काका वही घेऊन त्याच्या मागे फिरले. तो गेल्यावर जबलपुरात त्यांच्याशी इटालियन बोलणारं कोणी उरलं नाही. ॲपच्या याद्या येईपर्यंत ती भाषा त्या वहीतच पडून होती. बाकीची नोकरी त्यांनी माल तपासण्यात काढली. पास, रिवर्क, रद्द, असे तीन शिक्के त्यांनी निवृत्तीनंतर घरीही करून घेतले. कारण नमुना तपासल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही, मग ती स्तुती का असेना! तपासणी अर्थात काकूंवर. काका वाक्य मराठीत म्हणायचे आणि चष्म्यावरून बघत बसायचे. काकूंनी उलट टोला हाणला की पास. नुसतं 'बरं' म्हणाल्या की रिवर्क, म्हणजे पुन्हा घडवा. रद्दच्या शिक्क्यावरची शाई कधीच वाळून गेली होती.

"तुझ्या हसण्याने माझा फोन चार्ज होतो."

"मग सकाळपासून चार्जर काहून शोधून राहिले?"

पास. 'ही पोरगी फायर आहे' या वाक्यावर मात्र ते दोन दिवस अडले. "आमच्या कारखान्यात फायर म्हटलं की वाळूच्या बादल्या धावायच्या. ही स्तुती कशी काय?" आणि कुणाला तरी 'नॉकआउट' म्हणायचं होतं, त्या दिवशी तर ते नाचायचेच बाकी होते. "स्क्यांतो! झाड कडाडून मोडतं ना, तो आवाज! आणि घायाळ करणाऱ्या सुंदरीलाही तिकडे हेच म्हणतात!" लगेच काकूंकडे वळून, "अगं, तू कुंडमच्या जंगलात कडाडून पडलेला साग आहेस!"

"पडलेले तुम्ही. जेवल्यापासून पलंगावर."

"चिडली म्हणजे पोचलं, बेटा," काका मला म्हणाले. बसमधली टोळकीही हेच म्हणतात, असं मी त्यांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांचा माल कोणी तपासला?" अशा माणसाशी काय वाद घालायचा!

गेल्या हिवाळ्यात नवी यादी आली. मुलीने 'नाही' म्हटल्यावर तिला पाठवायची वाक्यं. काकूंच्या पुढ्यात मटारची रास होती. काकांनी पहिलं वाक्य नेहमीसारखं टाकलं, "एवढा भाव नको खाऊ. तुझ्यासारख्या रोज दिसतात."

आम्ही दोघं टोल्याची वाट बघत राहिलो. काकूंनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. अर्ध्या शेंगा तशाच राहिल्या.

काकांनी रद्दचा शिक्का शोधून काढला, त्यावर पाणी लावलं, आणि छापून घेतलेल्या यादीवर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मारला. "अच्छा चलो, हे जाणार नाही."

"काम काढून घेतील, काका." हे मी म्हणाले. मी! स्टँडवर उभी राहून तत्त्वं वाटणारी.

"घेऊ दे. तपासनीस म्हणून सही तर माझी राहील ना?"

कंपनीने दोन ओळींत आभार मानले. त्यानंतर यादी आली नाही.

थोड्या शरमेनेच मी त्यांना माझं नवं पत्रक वाचायला दिलं. परत आलं ते रिवर्कचा शिक्का घेऊन. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "सगळ्यांना शिव्या आहेत. जी 'नाही' म्हणाली, तिला कोणी चांगलं म्हटलं?" मी तणतणले. मग तिला चांगलं म्हणणारं ते एक वाक्य मी लिहायला बसले. अजून जमलेलं नाही.

समोरचं घर आता शांत असतं. परवा संध्याकाळी काकूंचा आवाज आला, "काहून हो, आज नमुना नाही?"

"काम बंद झालं ना."

"काम बंद झालं. मी कुठे बंद झाली?"

काका हळूहळू, अडखळत, इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. मराठीत केलं नाही. काकूंनी टोला हाणला की नाही, मला ठाऊक नाही. मी खिडकी लावून घेतली होती.