खडूंनी रंगवलेला मंगळ

वहिनी कापडावर पोपट भरत होत्या. समोर चौकटींचा कागद होता, चौकटीतल्या प्रत्येक आकड्याला रंग ठरलेला. “यात पोपट कुठाय?” मी विचारलं. “थांबा की जरा, भावजी.”

मला मंगळाचा जवळून घेतलेला पहिला फोटो आठवला. यानाकडून नुसते आकडे येत होते, तेही सावकाश. यंत्र त्यांचं चित्र करीपर्यंत इंजिनिअरांना धीर निघेना. त्यांनी आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि रंगीत खडूंनी हातानेच भरायला घेतल्या. भरता भरता मंगळाची कड उगवली. माणसाने दुसरा ग्रह जवळून पाहिला तो असा, बोटं खडूने माखलेली असताना.

हिरव्या टाक्यांतून लाल चोच निघाली. “आला बघा,” वहिनी म्हणाल्या. त्या भिंतीपुढेही कुणीतरी हेच म्हणालं असणार.