तळघरात गाणारा नेज्मी उस्ता

सौदी अरेबियातल्या कतीफच्या हॉस्पिटलात नेज्मी उस्ताचं काम साधं होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचे, आणि एरवी पुरुषांच्या वॉर्डात दाढ्या करायच्या. तुर्कस्तानात कसबी कारागिराला उस्ता म्हणतात, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. मुलांच्या वॉर्डातली मिरजेची सिस्टर दमयंतीसुद्धा.

तो कोण होता हे कळलं अपेंडिक्सच्या एका पेशंटमुळे. जुबैलच्या कारखान्यातला हा तुर्की इंजिनियर टेबलावर पडल्या पडल्या उस्ताकडे बघत राहिला आणि एकदम त्याचा हातच धरून बसला. "अहो, तुमची गाणी लावून आम्ही कॉलेजात नाचायचो!"

मग दमयंतीने चहा पिताना खोदून खोदून विचारलं. उस्ताचे वडील तिकडे तुर्कस्तानात, अदाना शहरात न्हावी होते. पोरगा लग्नांत गायचा, तिथून इस्तंबूलला पळाला. एक रेकॉर्ड गाजली आणि सिनेमावाल्यांनी उचललं. "हीरोचा मित्र व्हायचो," तो मोडक्या अरबीत सांगायचा, "आणि इंटरव्हलच्या आत गोळी खाऊन मरायचो. बायका रडायच्या." पुढे लष्कराचं राज्य आलं, गाण्याचे अड्डे बंद झाले, सिनेमेही आटले. लोक विसरले. तेव्हा बापाचा वस्तरा कामाला आला. इथे कुणाला गाण्याबद्दल बोलायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

नव्वदच्या ऑगस्टात शेजारच्या कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्या. हॉस्पिटलातल्या कितीतरी नर्सेस मिळेल त्या विमानाने घरी गेल्या. दमयंती राहिली. मिरजेला नवरा हरीश अपघातानंतर घरीच होता आणि लेक रुचाची शाळा तिच्या पगारावर चालत होती. जानेवारीत लढाईला तोंड फुटलं. सायरन वाजला की मुलांना उचलून तळघरात न्यायचं, विषारी वायूच्या भीतीने ओली फडकी दाराच्या फटीत कोंबायची आणि वाट बघायची.

एका संध्याकाळी वरून असा दणका बसला की दिवे थरथरले. अरवा नावाची दम्याची पोर किंचाळायला लागली, आणि तिचं बघून सगळी मुलं. अरवाला श्वास पुरेना. खुर्च्या हलवायला खाली आलेला उस्ता भिंतीशी उभा होता.

"उस्ता, गा काहीतरी," दमयंती म्हणाली.

"इथे? सिस्टर, मला हाकलतील."

"माझं नाव सांगा. मी म्हणेन, मीच गायला लावलं."

तो गायला. आधी अगदी हळू, घसा बसल्यासारखा, मग मोकळा. ते ठेक्याचं गाणं होतं. मुलांना एक शब्द कळत नव्हता, पण टाळ्या सुरू झाल्या. शेवटी त्याने छातीवर हात मारून गोळी लागल्यासारखं धाडकन अंग टाकलं, आणि अरवा खोकत खोकत हसली. त्यानंतर सायरन झाला की मुलंच विचारायची, उस्ता कुठाय?

थोड्याच दिवसांत एका पेशंटच्या काकांनी तक्रार केली. डोक्यावर मरण घिरट्या घालतंय, दुआ मागायची सोडून इथे नाचगाणी चालतात! मुदीर, म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य अधिकारी, स्वतः वॉर्डात आले. सगळ्यांना उभं करून त्यांनी विचारलं, "याला गायला कुणी सांगितलं?"

दमयंतीच्या हातात औषधांचा ट्रे होता. तोंड उघडायचं होतं तिला. पण डोळ्यांपुढे घर आलं आणि ती ट्रेमधल्या बाटल्यांकडे बघत राहिली. उस्ताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही," तो म्हणाला. "मीच गायलो."

दोन दिवसांत त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढून घेतला आणि मायदेशी परतायला त्याला जेद्दाच्या बसकडे धाडलं. फाटकाशी बॅग ठेवून त्याने मुलांच्या वॉर्डाच्या खिडकीकडे हात केला. दमयंती खिडकीतच होती. ती मागे सरकली.

पुढचे काही दिवस तिला अन्न गोड लागेना. अखेर ती मुदीरांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "गायला मी लावलं होतं."

मुदीरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सिस्टर, हे त्या दिवशी बोलायचं. त्याला समज देऊन सोडलं असतं. आणि तुम्हाला कोण काढणार होतं? नर्सेस आहेत कुठे माझ्याकडे?" मग हात झटकून म्हणाले, "आता खलास."

ते तिला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे भीतीसुद्धा खोटीच होती.

लढाई संपली, अरवा बरी होऊन घरी गेली. दोनेक वर्षांनी तो इंजिनियर तपासणीला आला तो हसतच. तिकडे तुर्कस्तानात नवे टीव्ही चॅनेल निघालेत, उस्ताला मालिकेत काम मिळालंय, जुनी गाणीही परत लागतात. "त्याला हाकललं ते बरंच झालं म्हणायचं!" दमयंतीला हसता आलं नाही. तिने नंबर मागून घेतला.

टेलिफोन केबिनमध्ये घामाघूम होऊन तिने नाव सांगितलं. पलीकडे उस्ता आनंदाने ओरडलाच. "सिस्टर! अरवा कशी आहे?"

"चांगली आहे. उस्ता, मला माफ करा. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."



"राग आला होता," तो म्हणाला. "जेद्दाला पोचेपर्यंत तुम्हाला शिव्या घालत होतो."

"आणि आता?"

"आता कमी झालाय. पूर्ण गेला असं नाही म्हणणार."

नाही नाही, काही नाही असं तो म्हणेल, अशी तिची समजूत होती. तसं तो म्हणाला नाही याचंच तिला बरं वाटलं. मग त्याने रुचाची चौकशी केली, आणि ती सांगत राहिली.