बाटल्यांच्या एकवीस मेंढ्या

गेटचा किस्सा कधी होत नाही. इतक्या वर्षांत मी किती गेटं बनवली, खिडक्यांच्या किती जाळ्या बनवल्या, ट्रॅक्टरच्या किती ट्रॉल्यांना ठिगळं लावली, पण दुकानावर थांबून 'दत्ताभाऊ, त्या गेटची काय गंमत झाली माहितीय का' असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. गेट लागलं, विषय संपला. पण आम्ही प्लास्टिकच्या बाटल्यांच्या मेंढ्या केल्या आणि तेव्हापासून माझ्या दुकानात किस्सेच साठत चालले आहेत. बरेचसे माझ्यासमोर घडलेले. तरी लोक ते मलाच येऊन सांगतात, जणू मी तिथं नव्हतोच!

आमचं गाव हसनाबादच्या जवळ. रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आणि दुकानासमोर, उतारावर, गावाचा पाझर तलाव. जे काही घडलं ते एवढ्याच जागेत.

*

सुरुवात लताताईंनी केली. लताताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. गावची जत्रा झाली की तलावाच्या काठावर पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा खच पडतो. एका वर्षी ताईंनी बचत गटाच्या बायांना बरोबर घेतलं आणि सगळ्या बाटल्या गोळा केल्या. अंगणवाडीमागचा ढीग खिडकीच्या वर गेला. जाळावा तर धूर पोरांच्या नाकात, टाकावा तर पुन्हा तलावातच. ताईंनी मोबाइलवर कुठंतरी बाटल्यांचा मोर बघितला होता. पण त्यांनी बायांना सांगितलं, मोर सगळेच करतात, आपल्या गावात निम्मी घरं मेंढपाळांची आहेत, आपण मेंढ्या करू आणि तलावाच्या काठावर उभ्या करू.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताई दुकानात आल्या, वहीचं एक पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, याचा लोखंडी सांगाडा करून वर जाळी मारून द्या, बाटल्या आम्ही बांधू. मी ते चित्र आडवं-उभं धरून बघितलं.

"ताई, कुत्र्याला एवढं पोट नसतंय," मी म्हणालो.

ताई पान उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच चित्र परत घेऊन आल्या. या वेळी खाली मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : मेंढी.

*

बाटल्यांची लोकर कशी करायची ते काशीमावशीला सुचलं. मावशी बचत गटातली सगळ्यात वयस्कर बाई. मिरचीची रोपं लावायला ती बाटल्या कापायची आणि तळ फेकून द्यायची. बाटलीचा तळ म्हणजे पाच पाकळ्यांचं फूलच असतं. असे तळ एकाला एक लावून जाळीवर तारेनं बांधत गेलं की लांबून थेट कुरळी लोकर दिसते.

पहिली मेंढी अशी तयार झाली. पांढरीशुभ्र, उन्हात चकाकणारी. बाया तिच्याभोवती फोटो काढून राहिल्या होत्या. तेवढ्यात मावशी आपल्या मालकांना हाताला धरून घेऊन आली.

मावशीच्या मालकांना आम्ही बापू म्हणतो. उभी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर घरी यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. दोन्ही पोरं जालन्याला सळईच्या कारखान्यात, कळप वळायला कुणी उरलं नाही, म्हणून सगळी मेंढरं एका दिवसात विकून टाकावी लागली. तेव्हापासून बापू ओट्यावर बसून असायचे आणि विचारलं तर तेवढंच बोलायचे. भाजीत मीठ नसलं तरी सांगत न्हाई हा माणूस, असं मावशी म्हणायची.

बापूंनी मेंढीभोवती एक फेरी मारली. वाकून तिच्या पोटाखाली हात घातला, मागचे पाय चाचपले. मंग विचारलं, कुणी केली? मी म्हणालो, मी.

"उद्यापर्यंत मरंल," बापू म्हणाले.

माझं काय चुकलं ते बापूंनी मला उभं करून समजावलं. मी गेटवाला, मी पाय सरळ दिले होते, खांबासारखे. असल्या पायांची मेंढी चढणीला लागत नाही. मान अशी ताठ नसते. कान लोंबायला पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडची मेंढी काळी असते, ही पांढरी कुठून धरून आणली?

ताईंनी ती अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावरून धरून आणली होती.

त्या एका मेंढीचे पाय मी तीन वेळा कापले आणि तीन वेळा जोडले. गेटाला मारायचा काळा रंग होता तो बायांनी तिच्या अंगावर मारला. मला राग यायला पाहिजे होता, पण मावशीकडं लक्ष गेलं. ती दुकानाच्या कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती. दोन वर्षांत तिनं बापूंना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

*

त्यानंतर बापू रोज दुकानावर यायला लागले. मी शटर वर करायचो तेव्हा ते आधीच स्टुलाच्या जागेवर उभे असायचे, स्टूल आत असायचं.

ताईंनी दहा मेंढ्या ठरवल्या होत्या. मी एका मापाच्या सळया कापून ठेवल्या, म्हणजे दहाही एकसारख्या पटापट होतील. बापूंनी ते मोडीत काढलं. हिची मान खाली घे. ही मागं वळून बघती. हिचा कान फाटका कर. मी त्यांना म्हणालो, बापू, लोकांना सगळी मेंढरं सारखीच दिसतात.

"लोकांचं जाऊ दे," बापू म्हणाले, "तू काय म्हणून आंधळा?"

सातव्या मेंढीच्या कपाळावर त्यांनी पांढरा ठिपका ठेवायला सांगितला. मावशी शेजारी बसून तार पिळत होती, तिचा हात थांबला. बापू चहाला गेले तशी ती हळूच म्हणाली, "दत्ता, ही आमची चांदी हाय."

मंग मला उलगडा झाला. मान खाली घातलेली, मागं बघणारी, फाटक्या कानाची, ही सगळी बापूंची विकलेली मेंढरं होती. ते एकेक करून माझ्याकडून परत मागून घेत होते. मी मावशीला विचारलं, विकली तेव्हा किती होती? ती म्हणाली, शेवटी एकवीस उरली होती.

मी जाऊन ताईंना सांगितलं. ताईंनी अंगणवाडीमागच्या ढिगाकडं बघितलं.

"मंग बाटल्या कमी पडतील," त्या म्हणाल्या. बास, एवढंच. दहाच्या एकवीस झाल्या त्या अशा.

*

बाटल्या खरंच कमी पडल्या. तेव्हा हसनाबादचे शकीलभाई कामाला आले. त्यांचा भंगारचा धंदा आहे आणि स्वतःचा टेम्पो आहे. लहान बाटल्या त्यांनी पोत्यांनी आणून दिल्या. अडलं ते कानांवर. लोंबते कान करायला दोन लिटरची बाटली लागते, आणि आपल्याकडं दोन लिटरची बाटली कुणी भंगारात देत नाही. ती घरात राहते. शेतावर पाणी न्यायला, तेल भरायला, फ्रिजमध्ये ठेवायला. एकवीस मेंढ्यांचे बेचाळीस कान, आणि शकीलभाईंनी हे काम मनावर घेतलेलं.

एकदा ते एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या मोठ्या चुलत्यांसमोर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली होती. शकीलभाई जेवण आटोपून त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. चुलत्यांना वाटलं, वाढपी असतील. त्यांनी भात मागितला. शकीलभाईंनी आणून वाढला. त्यांनी रस्सा मागितला, तोही वाढला. बाटली काही संपेना. शेवटी चुलत्यांनी मागं वळून विचारलं, तुम्हाला काही पाहिजे का?

"आराम से पियो, चाचा," शकीलभाई म्हणाले. "बस बोतल मत फेको. एक मेंढी बहरी बैठी है."

ती बाटली चुलत्यांनी स्वतः आणून दिली, टेम्पोपर्यंत. ढक्कनासकट.

*

एकवीस मेंढ्या तलावाच्या काठावर उभ्या राहिल्या आणि चार-पाच दिवसांतच एक खरा कळप तिथं पाणी प्यायला थांबला. मेंढपाळ भोकरदनकडचा, वाटेनं चाललेला. त्याच्या एडक्याला आमच्यातली एक मेंढी पसंत पडली नाही का जास्तच पसंत पडली, कोण जाणे. त्यानं पळत येऊन तिला धडक दिली. बाटल्या तुटल्या, जाळी फाटली आणि एडक्याचं डोकं शिंगांसकट आत अडकलं.

मेंढपाळ ओरडत दुकानात आला. मी कटर घेतला, वायरचं बंडल घेतलं आणि धावलो. पण कटर चालू केला की एडका उड्या मारायचा, आणि त्याच्याबरोबर आमची मेंढीही उड्या मारायची. हे बघायला अख्खं गाव जमलं.

बापू काठी टेकत आले. त्यांनी मला हातानंच थांबवलं. एडक्याचा कान धरला, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले, मान अलगद तिरकी केली आणि डोकं बाहेर काढलं. जेमतेम पाव मिनिटाचं काम. मेंढपाळ त्यांच्या पाया पडला. मी हातात कटर धरून तसाच उभा.

"तू ह्या मशिनी घेऊन दुकानात जा," बापू मला म्हणाले. "जित्राब भिऊन राह्यलंय."

*

लसीकरणाचा किस्सा सांगितला की लोकांना खोटा वाटतो. गावातली जनावरं मोजताना कुणीतरी यादीत लिहून घेतलं होतं : तलावाकाठी मेंढ्या एकवीस, मालक बचत गट. काही दिवसांनी एक साहेब मोटारसायकलवर बर्फाचा डबा बांधून आले. बरोबर एकवीस डोस घेऊन.

ते तलावावर गेले, डबा उघडला आणि एका मेंढीच्या पाठीवर बोटानं वाजवून बघितलं. मंग बापूंना विचारलं, ह्याच का त्या मेंढ्या? बापू म्हणाले, ह्याच. साहेब म्हणाले, ह्या तर बाटल्या आहेत. बापू म्हणाले, यादीत असतील तर टोचून घ्या, आमची काही हरकत न्हाई.

साहेब भला माणूस. दुकानात येऊन बसले, चहा घेतला आणि त्यांनी अडचण सांगितली. डोस परत न्यायचे तर कारण लिहावं लागतं, आणि हे कारण लिहिलं तर हापिसात कुणी विश्वास ठेवणार नाही. लताताईंना सरकारी रजिस्टरं लिहायची सवय. त्यांनी साहेबांचा फॉर्म ओढून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'जनावरे जागेवर आढळली. प्रकृती उत्तम. सुई आत जात नाही.'

साहेबांनी वाचलं आणि खाली सही केली.

*

मंग जालन्याहून बोलावणं आलं. टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कामांचं तिथं पंधरा दिवसांचं प्रदर्शन होतं. आमच्या मेंढ्या पाहिजेत म्हणाले. पाठवायच्या का नाही यावर गटात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी ताईंनी बापूंनाच विचारलं. मेंढरं चरायला गेलीच पाहिजेत, असं बापू म्हणाले, आणि शकीलभाईंच्या टेम्पोच्या दोन खेपांत एकवीसही मेंढ्या गेल्या.

पंधरा दिवस बापू दुकानात येऊन बसायचे, पण रिकाम्या काठाकडं पाठ करून.

परत आल्या त्या दिवशी सगळा गट तलावावर हजर होता. दुसरी खेप आली. मी आणि शकीलभाई एकेक मेंढी उतरवत होतो आणि ताई वहीत खुणा करत होत्या. ताई म्हणाल्या, झाल्या एकवीस. शकीलभाई टेम्पोत वाकून बघत होते. म्हणाले, अजून एक आहे.

ते कोकरू होतं. गुडघ्याएवढं. अंगाला छोट्या पाण्याच्या बाटल्यांचे तळ, बारीक बारीक, काळ्या रंगात बुडवलेले. डोळे झाकणांचे. मी ते उचलून पोटाखालचं वेल्डिंग बघितलं. ते माझं नव्हतं. टाके बारीक आणि एका रांगेत, माझ्यापेक्षा हात साफ होता. शकीलभाई म्हणाले, मी तर एकवीसच नेली होती. ताईंनी जालन्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, तुमचंच असेल, आम्हाला काही माहीत नाही.

बायांनी ते कोकरू कळपाच्या पुढं ठेवलं, फोटोत चांगलं दिसावं म्हणून. फोटो चालू होते तेवढ्यात बापू आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. काठी मावशीच्या हातात दिली, कोकरू बगलेत घेतलं आणि कळपातून सावकाश चालत गेले. एका मेंढीपाशी थांबले, पुढं गेले, दुसऱ्या मेंढीपाशी थांबले. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या मेंढीच्या पोटाशी त्यांनी ते कोकरू खाली ठेवलं आणि मानेला धरून नीट आत सरकवलं.

मावशीनं विचारलं, चांदीजवळच का ठेवलं?

"जाताना गाभण होती ती," बापू म्हणाले.