सुदानच्या पाहुण्या आणि हुरडा

सुदानहून आलेल्या शेती अधिकारी अमीनाबाईंसाठी मी दुभाषी होते. भारत-आफ्रिका सहकार्याच्या बैठकीत दोन दिवस त्या काही मागायला आल्यासारख्या अवघडून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मंगळवेढ्याच्या शिवारात शेतकरी शांताबाईंनी त्यांच्या हातावर ज्वारीचा गरम हुरडा ठेवला. चव घेताच अमीनाबाई हसल्या.

"ज्वारी तर मूळची आमच्या मातीतली!"

मी ते मराठीत सांगितलं, तशा शांताबाई हरखल्या. "अगं बया! म्हणजे तुम्ही आमच्या ज्वारीच्या माहेरच्या की!"

कधीकाळी कुणाच्या तरी गाठोड्यातून हे दाणे समुद्र ओलांडून आले असतील, तेही कसल्याच कराराशिवाय, या विचाराने मला गंमत वाटली.

दुपारच्या बैठकीत अमीनाबाई ऐसपैस बसल्या आणि त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"