चार फुटांवरचे भोक

भिकाजी मेस्त्री यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. दिवसा हिंदमाताच्या दुकानात कापड मोजायचे आणि रविवारी सकाळी परळच्या आमच्या नेमबाजी क्लबात सराव घ्यायचा, असा माझा शिरस्ता. क्लबाचा मी चिटणीस. निशाणाचे कागद लावायला लोखंडी घोड्या विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून खोक्याच्या फळ्या ठोकून मीच एक घोडी तयार केली होती. गिरणीच्या सुतारखात्यात काम करणारे भिकाजीदादा आपला भाचा वसंता याच्याबरोबर सहज बघायला आले. घोडीवरून हात फिरवत म्हणाले, "ह्येका खिळे कित्याक मारलंस? छर्रो खिळ्यार बसलो की परत येतलो. डोळो जायत." मला राग आला. मग तुम्हीच करून दाखवा, असे मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्यांनी करून दाखवली. दोन बांबू, ते उभे राहावेत म्हणून वाळूने भरलेले तेलाचे डबे, मध्ये सुतळीने आवळलेली चौकट आणि चौकटीवर ताणलेले गोणपाट. खिळा एकही नाही. गोणपाटावर निशाणाचा कागद डकवायला गिरणीतल्यासारखी खळ. कागद फणसवाडीच्या एका छापखान्यातल्या रद्दीचा, वर्तुळे दादांनी स्वतः काढलेली. उभ्याने नेम धरणाऱ्यासाठी निशाणाचा मध्य जमिनीपासून बरोबर चार फुटांवर हवा, हा त्यांचा दंडक होता. घडीची फूटपट्टी लावून पाहिल्याशिवाय ते घोडी कोणाच्या हवाली करत नसत.

आणखी एक दंडक होता. प्रत्येक फेरीनंतर ज्याने भोक पाडले त्यानेच खळ लावून त्यावर कागदाचे ठिगळ चिकटवायचे. एक कागद महिनाभर पुरवायचा तर दुसरा उपाय नव्हता. भोक उघडे ठेवून कोणी घरी गेला तर दादा पुढच्या रविवारी त्याला बंदूक देत नसत. सहा वर्षांत ती सवय आमच्या हाडीमाशी खिळली. कांबळे नावाचे एक सभासद आले तेव्हा त्यांनी शिजवलेली खळ नको, अशी कुरकुर एका गृहस्थांनी केली. दादांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून खळ शिजवण्याचे काम कांबळ्यांकडेच राहील, एवढे सांगून टाकले. ते गृहस्थ महिनाभर रुसले आणि मग निमूटपणे त्याच खळीने ठिगळे लावू लागले.

संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबागची माणसे रस्त्यावर उतरली, त्या दिवसांतल्या एका दुपारी, दादांच्या ओळखीने मी राहायला आलो होतो त्या त्यांच्या चाळीसमोर पोलिसांचा गोळीबार झाला. तळमजल्यावरच्या आपल्या खोलीचे दार वसंता आतून लोटत होता. गोळी दारातून त्याच्या छातीत शिरली आणि मागच्या लाकडी खांबात घुसली. सव्वीस वर्षांचा, गंगूआक्कांचा एकुलता एक मुलगा. आक्का म्हणजे दादांची विधवा बहीण. तिघे त्याच खोलीत राहत.

सरकारी कागदावर आले की गोळी जमिनीवर झाडली होती, ती उसळून चुकून लागली. आक्कांना कोणाकडून काही नको होते. एवढेच म्हणत होत्या, "माझो झील चुकान मेलो म्हणान लिवतत. चुकान नाय मेलो." वसंताला नेले त्या संध्याकाळी दादांनी फूटपट्टी काढली. दारावर चार फूट, खांबावरही चार फूट. मला म्हणाले, "उसाळलेली गोळी वर चढता. ही चढूक नाय. ही नेम धरून मारलेली." चौकशीचे साहेब पाहणीला येतील तेव्हा हेच दाखवायचे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी ती दोघे अस्थी आणायला गेली. मी दारापाशी उभा होतो. आक्का परत येऊन हेच भोक बघणार, असे मनात आले. मी लाकडाच्या भेगा भरायची लांबी आणली, रंग आणला, दारावरचे आणि खांबावरचे भोक बुजवले आणि वरून हिरवा हात मारला. दादांचे आदल्या दिवशीचे बोलणे तेव्हा माझ्या डोक्यात आलेच नाही. भोक दिसले, हात गेला. काम सफाईने झाले याचे मला समाधानही वाटले, हे सांगताना आज लाज वाटते.

अस्थी घेऊन ती दोघे परस्पर गावी गेली होती; आठवड्याने परतली त्याच सकाळी साहेब आले. दादांनी फूटपट्टी उघडली आणि दारावर बोट फिरवले. भोक नव्हते. ते कोणी बुजवले, असे साहेबांनी विचारले. आक्का शेजारीच उभ्या होत्या. दादांनी एकदाच माझ्याकडे पाहिले.

"मियाच बुजवलंय, सायब," दादा म्हणाले. "सुतार आसंय. भोक दिसला की हात जाता."

लांबी खरवडून दाखवतो, असेही ते म्हणाले. सुताराने बुजवलेले भोक सुतार हवे तिथे पाडू शकतो, असे म्हणून साहेब निघून गेले. कागदावरचे 'चुकून' कायम राहिले. आक्का त्या दिवसापासून भावाशी बोलल्या नाहीत. ताट वाढतात, पुढे सरकवतात, उठून जातात.

खरे का सांगत नाही, असे मी दादांना पुढे एकदा विचारले. ते म्हणाले, "तू केलंस ता तिच्यासाठीच केलंस. पण ता चाळीक समजाचा नाय. तुका हय रवाक दिला नसता." आणि मी ते तसेच राहू दिले. मी भित्रा माणूस आहे.

दादा अजून क्लबासाठी घोड्या करतात. मात्र त्यांच्या घोडीवर निशाणाचा मध्य आता फूटभर उंचीवर असतो आणि नेम पालथे पडून धरावा लागतो. चार फुटांची घोडी त्यांनी पुन्हा केलेली नाही.

यंदा राज्य झाले. चाळीवर दिवे लागले. दादांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून क्लब हा गौरवग्रंथ काढत आहे. आक्कांना वाचता येत नाही. ग्रंथ दादांच्या हाती पडण्याआधी हा लेख मी त्याच खोलीत बसून आक्कांना वाचून दाखवणार आहे. आक्का, ती भोके तुमच्या भावाने बुजवली नाहीत, मी बुजवली.

दादांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि ताट पुढे सरकवताना त्यांची बहीण त्यांना पुन्हा एकदा 'जेव' म्हणो.